सुखनाकाठचे वारकरी

रात्रपाळी पहाटे सहाला सुटते. आयटी पार्कातल्या काचेच्या इमारतीतून बाहेर पडलं की डिसेंबरात आधी धुकं भेटतं, मग माणसं. धुकं मला नवं नाही. कोल्हापुरात ते पंचगंगेवरून उठतं, उसाच्या फडात तासभर रेंगाळतं आणि आठच्या उन्हात गपगुमान निघून जातं. चंदीगढचं धुकं पाहुणा नाही, ते मुक्कामालाच येतं. शिवालिकच्या पायथ्याशी अंथरूण टाकतं आणि दुपारपर्यंत उठत नाही. दिवा दिसतो, त्याचा खांब दिसत नाही. गेटवरचा रखवालदार शेगडीवर हात शेकत असतो. मला पाहिलं की म्हणतो, "फिर चले, सर जी? बत्तखें गिनने?"

बदकंच मोजायला जातो मी. रात्रभर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी बिलांचे आकडे जुळवल्यावर सकाळी स्वतःसाठी काही मोजावंसं वाटतं.

आयटी पार्काला लागून किशनगड नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं. एका बाजूला 'पीजी'च्या पाट्या, दुसऱ्या बाजूला म्हशींचे गोठे, मधल्या बोळात दुधाचे कॅन आणि गोवऱ्यांचा धूर. पलीकडे मनीमाजरा. चंदीगढच्या सेक्टरांत वर्षानुवर्षं तेरा आकडाच नव्हता, बारानंतर एकदम चौदा. शेवटी २०२० साली मनीमाजऱ्यालाच सेक्टर १३ म्हणून टाकलं. आखून-रेखून वसवलेल्या शहरातही एक आकडा असा साठ वर्षं बाहेरच राहिला होता, याची मला गंमत वाटते. किशनगड ओलांडलं की सुखना तळ्याचे दरवाजे लागतात. पावसाळ्यात पाणी ११६३ फुटांच्या खुणेला टेकलं की हे दरवाजे उघडतात, आणि एरवी वाळूत लोळणारा सुखना चो आयटी पार्काच्या कडेनं दांडगाई करत धावतो. 'चो' म्हणजे पावसापुरता जगणारा ओढा. पंजाबीतला हा एका अक्षराचा शब्द मला फार आवडतो. त्याच्यात पाण्याचा आवाज आहे.

हा चो अडवून १९५८ साली सुखना तळं केलं. म्हणजे तळं माणसानं बांधलेलं, आणि त्याचं वय माझ्या थोरल्या काकांपेक्षा कमी. शिवालिकची माती भुसभुशीत. पावसाबरोबर ती तळ्यात येऊन बसते आणि तळं उथळ होत जातं. शहरातल्या माणसांनी श्रमदान करून गाळ उपसलेला आहे. पाखरांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. हिवाळा आला, खाली पाणी चमकलं, उतरली.

धुक्यात आधी आवाज येतो. कुक्, कुक्. मग काळे ठिपके. ठिपके जवळ सरकले की त्यांच्या कपाळावरचा पांढरा पट्टा दिसतो. इंग्रजीत या पक्ष्याला कूट म्हणतात. आपल्याकडे याला वारकरी म्हणतात, आणि ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा दंडवत. सगळं अंग बुक्क्यासारखं काळंभोर आणि चोचीपासून कपाळापर्यंत गोपीचंदनाचा एकच ठसठशीत टिळा. एकटा कधी नसतो, दिंडीनंच असतो. उडायचं झालं तर सरळ उडत नाही; आधी पाण्यावर पावलं आपटत लांबवर धावतो आणि मग कुठं अंग उचलतो. एकदा एक वारकरी दगडी काठावर, माझ्यापासून हातभर अंतरावर आला होता. त्याची पावलं बघितली. बदकासारखा सलग पडदा नाही. प्रत्येक बोटाला वेगळ्या, पिंपळाच्या कोवळ्या पानासारख्या झालरी. पाय टाकताना त्या मिटायच्या, पाय रेटताना उघडायच्या. डोळे लालबुंद. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि शेवाळ खाऊ लागला.

लालसऱ्या येतात, थापट्या येतात, शेपटी तलवारीसारखी उगारलेली तलवार बदकं येतात. चक्रवाकाची एखादी जोडी लांब, गाळाच्या बेटावर उभी असते. केशरी अंगाचे, लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी घर करणारे हे पक्षी. रात्र झाली की नर एका तीरावर आणि मादी दुसऱ्या तीरावर, असं आपले संस्कृत कवी सांगत आले. मी तर त्यांना नेहमी शेजारी-शेजारीच पाहिलं. असो. रात्रपाळीवाल्या नवऱ्यांना कवींचं म्हणणं जास्त पटतं.

या तळ्याकाठी बसलं की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. इथं मूळचं कुणीच नाही. तळं नाही, पाखरं नाहीत, शहर नाही. इथल्या विद्यापीठाचा भौतिकशास्त्राचा विभागसुद्धा नाही. पंजाब विद्यापीठ १८८२ चं, लाहोरचं. फाळणीनंतर इकडच्या वाट्याला आलेला विभाग होशियारपूरच्या सरकारी कॉलेजात बिऱ्हाड करून राहिला आणि १९५८ साली, म्हणजे तळं भरलं त्याच वर्षी, प्रा. बी. एम. आनंद यांच्यामागोमाग चंदीगढला आला. विश्वकिरणांनी फोटोच्या काचांवर उमटवलेल्या बारीक रेघा तासन् तास सूक्ष्मदर्शकातून पाहणारी ही माणसं. घरदार सुटलेल्यांनी आकाशातून आलेल्या कणांचा माग काढत बसावं, याचं मला नवल वाटतं आणि वाटतही नाही. पुढं त्यांच्याकडं कणांना वेग देणारा सायक्लोट्रॉन आला, तोही परगावचाच. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात १९३० च्या दशकात बांधलेलं, २६ इंची चुंबकाचं ते यंत्र तिथल्यांचं काम संपल्यावर समुद्र ओलांडून इथं आलं आणि प्रा. एच. एस. हंस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा चालतं केलं. तळ्यापासून जवळच पंजाबचं राजभवन आहे. तिथं १९६७ ते १९७३ या काळात राज्यपाल म्हणून जे राहिले ते डी. सी. पावटे. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या बाजूचे, केंब्रिजचे रँग्लर. सकाळी फिरायला ते या काठावर येत होते की नाही, मला माहीत नाही. आले असते तर वारकरी त्यांनी नक्की ओळखले असते, एवढी माझी खात्री.

रँग्लर म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला मात्र दुसरंच नाव आठवतं.

माझे आजोबा रंकाळ्यावर फिरायला जायचे. संध्यामठाच्या बाजूला बसून चुरमुरे खाता खाता ते मला गावातल्या मोठ्या माणसांची नावं सांगायचे: पैलवानांची, गवयांची, सिनेमावाल्यांची. त्या यादीत एक नाव वेगळं होतं. रँग्लर नारळीकर. आजोबा ते नाव घेताना आवाज उगाच खाली आणायचे. मला वाटायचं, हेही कुठले तरी हिंदकेसरी असणार. पुढं कळलं की केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत जे पहिल्या वर्गात येतात त्यांना रँग्लर म्हणतात, आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे ते वडील.

विष्णू वासुदेव नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, २६ सप्टेंबर १९०८. मुंबईला शिकले, तिथून केंब्रिजला गेले. ते एडिंग्टनच्या काळातलं केंब्रिज. सूर्याच्या कडेनं येणारा ताऱ्याचा उजेड वाकतो, हे १९१९ च्या ग्रहणात ज्यांनी दाखवून दिलं ते एडिंग्टन तिथं शिकवत होते. १९३० साली नारळीकर रँग्लर झाले. खगोलशास्त्रासाठीचं टायसन पदक मिळालं, मग आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती, मग रॅले पारितोषिक. पुढची वाट सरळ दिसत होती. पण मदनमोहन मालवीयांनी त्यांना काशीला बोलावलं आणि ते आले. १९३२ साल. बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले तेव्हा त्यांचं वय पुरतं चोवीसही नव्हतं. विभाग गणिताचा, पण त्यांचं सगळं चित्त भौतिकशास्त्रात, आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणात गुंतलेलं.

मराठी माणसानं काशीला बिऱ्हाड करणं नवं नव्हतं. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर येऊन शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. अहिल्याबाईंनी तिथलं देऊळ उभं केलं, पेशव्यांच्या काळात घाटांवर मराठी वस्ती झाली. लोक काशीला गेले ते बहुतेक पुण्य कमवायला किंवा देह ठेवायला. नारळीकर गेले ते शिकवायला, आणि २८ वर्षं शिकवत राहिले. अर्धचंद्राच्या आकारात आखलेल्या त्या विद्यापीठात त्यांचा संसार झाला. पत्नी सुमतीबाई, माहेरच्या हुजूरबाजार, संस्कृतच्या व्यासंगी. चक्रवाकांबद्दल माझ्यापेक्षा त्यांनाच अधिकारानं बोलता आलं असतं. मुलगे दोन, जयंत आणि अनंत. शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि वडिलांच्या टेबलावर टेन्सरांची चिन्हं, जी कुठल्याच देशाची नाहीत.

आणि त्या घरात फळे होते.

मला या गृहस्थाबद्दल जे वाटतं ते सगळं त्या फळ्यांपाशी येऊन थांबतं. पदकं मोठीच, पण घरात येणारा माणूस ती बघत नाही. फळे बघतो. मुलांना मनसोक्त खरडता यावं म्हणून नारळीकरांनी घरात दोन काळे फळे लावून दिले होते. पुढं सुमतीबाईंचे भाऊ मोरेश्वर, मुलांचे मोरूमामा, एम.एस्सी. करायला त्या घरी राहायला आले. ते त्यातल्या एका फळ्यावर गणिताचं एक कोडं लिहून ठेवायचे, वर मथळा: जे. व्ही. एन.साठी आव्हान. कोडं सुटेपर्यंत, किंवा जयंतानं हात टेकेपर्यंत, ते पुसायचं नाही. कोडं दिवसचे दिवस तसंच. जेवताना दिसतंय, येता-जाता दिसतंय. या फळ्याबद्दल जयंतराव पुढं आयुष्यभर कौतुकानं बोलत राहिले. बापानं मुलाला शिकवलं, अशी ही गोष्ट नाही. बापानं भिंत मोकळी करून दिली, एवढंच. पण घराची भिंत कशासाठी मोकळी ठेवायची, हे ठरवणाराच घर ठरवतो.

दुसऱ्यांच्या मुलांसाठीही त्यांनी तेच केलं. १९४२ साली, चले जावच्या वर्षात, गुजरातेतला एक तरुण त्यांच्याकडं आला. प्रल्हाद चुनीलाल वैद्य. बरोबर बायको आणि तान्ही मुलगी. साठवलेल्या पैशांवर काशीत राहायचं आणि नारळीकरांकडं सापेक्षता शिकायची, एवढाच बेत. नारळीकरांनी त्याला एक प्रश्न दिला. आइनस्टाइनची समीकरणं घेऊन श्वार्झशिल्डनं १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं उत्तर काढलं होतं. पण त्या उत्तरातला तारा अंधारा होता, उजेड देत नव्हता. खरा तारा तर जळतो. उजेड म्हणजे ऊर्जा आणि ऊर्जेला वजन असतं, म्हणजे उजेड देणारा तारा क्षणाक्षणाला हलका होत जातो. आपला सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त हलका होतो. मग अशा ताऱ्याभोवतालचा अवकाश कसा असेल? वैद्यांनी उत्तर काढलं आणि ते १९४३ मध्ये छापून आलं. जगभर ते आज वैद्यांच्या नावानं ओळखलं जातं. काशीतल्याच करमरकरांच्या नावाची एक अट आहे, १९४८ सालची. ताऱ्यांची गणितं मांडणारे लोक ती अजून वापरतात. नारळीकर आणि करमरकर या जोडनावाचंही काम आहे.

रात्री बाराच्या चहाला मी कधी कधी इमारतीच्या गच्चीवर जातो. धुकं खाली पडलं असेल तर वर आभाळ निवळशंख असतं. डिसेंबरच्या मध्यावर त्या वेळी मृग दक्षिणेला उंच चढलेला असतो, आणि त्याच्या खाली डावीकडं व्याध. निळसर-पांढरा, थरथरणारा. साडेआठ वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो त्याच्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला. माझी लेक नुकतीच साडेआठची झाली. म्हणजे आज गच्चीवर माझ्या चहाच्या कपात पडणारा हा उजेड तिच्या जन्माच्या वेळेला तिथून निघाला. तिथला व्याध तेव्हापासून तेवढा हलका झालेला आहे. असं वाटलं की मग ते वैद्यांचं समीकरण मला कागदावरचं राहत नाही.

आणि नारळीकरांचंही त्या ताऱ्यासारखंच झालं, असं मला वाटतं. केंब्रिजला राहिले असते तर स्वतःच्या नावाचं काहीतरी मोठं मागं ठेवून गेले असते, असं म्हणणारे असतील. असू देत. त्यांनी प्रश्न वैद्यांना दिला, फळा मुलाला दिला, वेळ काशीच्या विद्यार्थ्यांना दिला. आज दहा मराठी माणसांना विचारा, नऊ जण त्यांना 'जयंतरावांचे वडील' म्हणूनच सांगतील. मला यात अन्याय दिसत नाही. उजेड देणारा तारा हलका होतो, हे गणित त्यांनीच तर सोडवायला दिलं होतं.

१९६० साली काशी सुटली. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते अजमेरला गेले, १९६६ पासून पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या अध्यासनावर. साठी उलटल्यावर, १९६९ मध्ये, त्यांच्या गौरवाच्या निमित्तानं अहमदाबादेत जमलेल्या मंडळींनी सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास करणाऱ्यांची देशातली संघटना स्थापन केली. रंकाळा, केंब्रिजची कॅम, गंगा, अजमेरचा आनासागर, मुळा-मुठा. एवढ्या पाण्यांच्या काठांनी हा माणूस फिरला. १ एप्रिल १९९१ रोजी ते गेले. मुलगा त्यांच्यामागून केंब्रिजला गेला, त्यालाही टायसन पदक मिळालं. तो परत आला आणि पुण्यात त्यानं आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आपली आत्मकथा लिहिताना त्यानं तिचं नाव ठेवलं 'चार नगरांतले माझे विश्व'. त्या चारांत पहिलं नगर वाराणसी. २० मे २०२५ ला जयंतरावही गेले. ती बातमी मी इथंच, रात्रपाळी संपवून काठावर बसलेला असताना मोबाइलवर वाचली. मे महिना होता. तळ्यावर एकही वारकरी नव्हता, ते कधीच उत्तरेला परतले होते. अमलतास मात्र पिवळाधमक पेटलेला. आमच्याकडं त्याला बहावा म्हणतात.

त्या दिवशी घरी येताना मनीमाजऱ्याच्या बाजारात शिरलो. रंगाच्या दुकानात काळ्या फळ्याचा रंग मागितला. दुकानदार सरदारजी. "स्कूल खोलना है, भाईसाब?" म्हणाले. नाही म्हटलं, एकच विद्यार्थिनी आहे. बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, पाच फूट रुंद भिंत रंगवली. बायको म्हणाली, "घरमालकाला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, भिंत काळी कशाला केलीस? अपशकून व्हतोय." मग मी तिला वारकऱ्याच्या रंगाचं आणि टिळ्याचं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग वर एखादं पांडुरंगाचं नाव तरी लिही."

लिहिलं. त्याच्याखाली खडूनं रेघ मारली. लेक शाळेत पंजाबी-हिंदी बोलते, भांडताना तर पुरी पंजाबी होते. फळ्यावर मात्र मराठीच, असा नियम तिनंच केला. पहिले काही महिने तिथं मांजरं, ढग आणि माझं टकलू डोकं एवढंच होतं. हरकत नव्हती. काशीच्या फळ्यावरही आधी रेघोट्याच असणार.

या डिसेंबरात एका सकाळी काठावरून परत आलो आणि धुक्यानं ओल्या झालेल्या हातांनीच पहिलं कोडं लिहिलं. तिच्या नावानं आव्हान, असा मथळा दिला. किशनगडच्या बाजूला तळ्याकाठी काही वारकरी पक्षी आणि काही म्हशी आहेत. डोकी मोजली तर १४. पाय मोजले तर ४०. वारकरी किती?

शाळेतून येऊन तिनं वाचलं, खडू घेतला, चौदा डोकी काढली आणि एकेकाला पाय जोडत बसली. मग मध्येच थांबली. "बाबा, एक वारकरी एका पायावर उभा असला तर?"

आज तिसरा दिवस आहे. फळा पुसलेला नाही.